वस्तूचा मागोवा (अध्यापनपद्धती)

वस्तूचा मागोवा ही पदवी स्तरावर जागतिकीकरण शिकवण्याची एक पद्धत आहे. विद्यार्थी रोजच्या वापरातील एखादी वस्तू निवडतात, कच्च्या मालापासून टाकून देण्यापर्यंतचा तिचा प्रवास शोधतात आणि त्यातून व्यापार, श्रम, पर्यावरण व सत्ता यांचे परस्परसंबंध अभ्यासतात. भूगोल, समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या वर्गांत ही पद्धत विशेष वापरली जाते.

उगम

टेरेन्स हॉपकिन्स व इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी इ.स. १९७७ मध्ये मांडलेली 'वस्तुसाखळी'ची संकल्पना हा या पद्धतीचा एक वैचारिक आधार होय. इ.स. १९९० मधील एका लेखात भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे यांनी लिहिले, की नवोदित विद्यार्थ्यांना ते शेवटचे जेवण कोठून आले याचा विचार करायला सांगतात. ब्रिटिश भूगोलज्ञ इयान कुक यांनी जमैकातील पपईचा लंडनपर्यंतचा माग काढणारा लेख इ.स. २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

टी-शर्टचे उदाहरण

सर्वाधिक परिचित उदाहरण पिएत्रा रिव्होली यांच्या इ.स. २००५ मधील पुस्तकाचे आहे. इ.स. १९९९ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातील निदर्शनांत एका विद्यार्थिनीने जमावाला, तुमचा टी-शर्ट कोणी बनवला, असे विचारले. अर्थशास्त्रज्ञ असलेल्या रिव्होली तेथेच अध्यापन करीत होत्या. त्यांनी एका टी-शर्टचा टेक्सासमधील कापसाच्या शेतापासून शांघायच्या कारखान्यापर्यंत आणि पुढे टांझानियातील जुन्या कपड्यांच्या बाजारापर्यंत माग काढला. निष्कर्ष अनपेक्षित होता. अमेरिकी कापसाला सरकारी अनुदान होते, तयार कपड्यांच्या आयातीवर कोट्याची मर्यादा होती. खुल्या बाजाराला सर्वांत जवळचा व्यवहार आढळला तो टांझानियातील जुन्या कपड्यांचा.

मर्यादा

साखळीचा मधला भाग बहुधा अंधारात राहतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथे कोणाकोणासाठी कपडे शिवले जात होते, हे समजण्यासाठी ढिगाऱ्यातील लेबले शोधावी लागली. जे कंपन्यांच्या कागदपत्रांतही नीट सापडत नाही, ते विद्यार्थ्याला महाजालावर सापडेलच असे नाही. अशा वेळी माहितीतील रिकामी जागा हाच अभ्यासाचा विषय ठरतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. या पद्धतीत विद्यार्थी साखळीच्या शेवटी उभा असलेला ग्राहक आहे, असे गृहीत धरलेले असते. विदर्भातील महाविद्यालयात शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचे घर मात्र त्याच साखळीच्या आरंभी असू शकते. त्याला माग काढायचा तो वस्तूच्या उगमाचा नव्हे, तर घरच्या कापसाचा भाव कोठे व कसा ठरतो याचा. तेथे मागोवा उलट्या दिशेने घ्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मराठीत खासगीकरण, उदारीकरण व जागतिकीकरण यांसाठी 'खाउजा' हे संक्षिप्त रूप रुळले आहे. परीक्षेसाठी ते सोयीचे असले, तरी त्यामुळे जागतिकीकरण इ.स. १९९१ मध्येच सुरू झाले असा समज होऊ शकतो. कापसाचा माग त्याहून मागे नेतो. अमेरिकी यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईत कापसाचे भाव कडाडले व त्या पैशावर सट्टा माजला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक कंपन्या बुडाल्या. वऱ्हाडातून जाणारा मुंबई–नागपूर लोहमार्ग त्यानंतर दोन वर्षांनी, इ.स. १८६७ मध्ये, पूर्ण झाला.