निवृत्तीनंतरची विद्यासेवा

विद्यापीठांतील अध्यापकाची नोकरी संपली म्हणजे जगाच्या दृष्टीनें त्याचें कार्यच संपलें. निरोपाचा समारंभ होतो, हारतुरे होतात, मानपत्र वाचलें जातें, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसतो. परंतु ज्या विद्येसाठीं त्यानें आयुष्य वेंचलें तिचें पुढें काय? हा प्रश्न त्या एका गृहस्थाचा नव्हे, सर्व समाजाचा आहे. कारण तीस वर्षांच्या अभ्यासानें परिपक्व झालेली बुद्धि वाया गेली, तर हानि सर्वांचीच होते. महोत्सवाच्या प्रसंगीं आपण लोटलेलीं वर्षें मोजतों. अशा वेळीं उतारवयांतील वर्षांचें मोल दाखविणारीं तीन चरित्रें वाचकांपुढें ठेवणें अनुचित होणार नाहीं.

पहिलें चरित्र डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें. १८३७ सालीं मालवण येथें जन्मलेले हे गृहस्थ मुंबई विद्यापीठाच्या अगदीं पहिल्या, म्हणजे १८६२ च्या पदवीधरांपैकीं एक. संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं लिहिलेलीं क्रमिक पुस्तकें पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चाललीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं हंगामी प्राध्यापक म्हणून उत्तम काम केलें; तथापि कायमची जागा भरण्याची वेळ आली तेव्हां ती पीटर्सन या युरोपीय विद्वानास मिळाली. भांडारकरांनीं हा अन्याय गिळला आणि अभ्यास सोडला नाहीं. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली व तेथूनच १८९३ मध्यें, वयाच्या ५६ व्या वर्षीं, ते निवृत्त झाले.

यापुढें त्यांस ३२ वर्षांचें आयुष्य लाभलें. आरंभींचीं दोन वर्षें ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. नंतर पुण्यांतील आपल्या ‘संगमाश्रमां’त राहून त्यांनीं लेखन चालविलें. वैष्णव व शैव पंथांवरील त्यांचा विख्यात इंग्रजी ग्रंथ १९१३ सालचा. त्या वेळीं त्यांचें वय पाऊणशें वर्षांचें होतें. १९१७ च्या ६ जुलै रोजीं, त्यांस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, त्यांच्या नांवानें प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें. त्यांनीं आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेस दिला, आणि पुढील वर्षीं सरकारनें डेक्कन कॉलेजांतील हजारों हस्तलिखितें तेथें सोंपविलीं.

१९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ भांडारकरांच्या हस्तें झाला. हें काम आपल्या हयातींत पुरें होणार नाहीं, हें ८१ वर्षांच्या वृद्धास ठाऊक नसेल असें नाहीं. ते १९२५ मध्यें वारले. डॉ. सुखटणकर यांनीं तें काम १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें, त्यांच्यामागून डॉ. बेलवलकर आले, तेहि डेक्कन कॉलेजाचे माजी प्राध्यापकच, आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादकत्वाखालीं १९६६ मध्यें तें सिद्धीस गेलें. आपणांस फळ दिसणार नाहीं असें झाड लावणें, हीच अध्यापकाची खरी वृत्ति होय.

दुसरें चरित्र महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें. गोपाळराव गोखले यांच्या आमंत्रणावरून १८९१ मध्यें ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. त्या कॉलेजाचे आजीव सभासद अल्प वेतनावर काम करीत. धनसंचयास तेथें वाव नव्हता. १८९३ मध्यें त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या एका विधवेशीं विवाह केला, आणि त्यामुळें आपल्या मुरूड गांवाचा बहिष्कार सोसला. विधवांसाठीं आश्रम काढून तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला, तेव्हां कॉलेजांतील तास संपवून ते चिखल तुडवीत पायींच आश्रमाची वाट धरीत.

१९१४ मध्यें तेहि ५६ व्या वर्षीं निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका त्यांच्या वाचनांत आली, आणि १९१६ मध्यें हिंदुस्थानांतील पहिलें महिला विद्यापीठ त्यांनीं उभारलें. त्याच्या पहिल्या कॉलेजांत विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच! शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेविलें होतें, आणि पहिले कुलपति होते तेच वृद्ध डॉ. भांडारकर. एका निवृत्त अध्यापकाच्या उपक्रमास दुसऱ्या निवृत्त अध्यापकानें असा हात दिला.

परंतु वाट बिकट होती. या विद्यापीठास सरकारी कायद्याचें पाठबळ नसल्यामुळें त्याच्या पदवीस इतरत्र मान नव्हता, आणि तेथें शिकणाऱ्या मुलींस या उणिवेची किंमत मोजावी लागे. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी देण्याचें ठरविलें व संस्था तगली; तथापि कायद्यानें पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडलें. अण्णासाहेबांनीं देशोदेशीं फिरून निधि जमविला. सत्तरी उलटल्यावर त्यांनीं युरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका पाहिली. १९३६ मध्यें खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें, तर १९४४ मध्यें, ८६ व्या वर्षीं, समता संघ स्थापिला. १९५८ मध्यें, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, आणि १९६२ मध्यें ते कालवश झाले. कॉलेजांत त्यांनीं २३ वर्षें शिकविलें. निवृत्तीनंतर ४८ वर्षें काम केलें.

तिसरें चरित्र आपणां कॅथोलिकांच्या अधिक जवळचें. येशूसंघीय फादर सांतापाव हे स्पेनमध्यें जन्मले व १९२८ मध्यें हिंदुस्थानांत आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. खंडाळ्याच्या डोंगरांतील झाडाझुडपांचा त्यांनीं केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनीं या देशाचें नागरिकत्व पत्करिलें, आणि पुढें सरकारच्या वनस्पति सर्वेक्षण खात्याचे संचालकपद भूषविलें. १९६७ मध्यें पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीं ते त्या पदावरून उतरले. तेथून ते परतले ते आपल्या जुन्या कॉलेजांतच, आणि १९७० मध्यें देहावसान होईपर्यंत वनस्पतींच्या सेवेंतच राहिले. त्यांस निवृत्तीचीं वर्षें थोडींच मिळालीं, परंतु जीं मिळालीं तीं त्यांनीं निष्फळ जाऊं दिलीं नाहींत.

या तिघांचे विषय भिन्न, स्वभाव भिन्न. तरी एक गोष्ट समान आहे: आपली विद्या ही पगाराच्या मोबदल्यांत दिलेली वस्तु आहे, असें त्यांपैकीं एकानेंहि मानलें नाहीं. आणि दुसरी गोष्टहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. भांडारकरांस शिष्यांनीं संस्था उभारून दिली, कर्व्यांस दात्यांनीं द्रव्य दिलें, सांतापावांस कॉलेजानें आपलें दार उघडें ठेविलें. समाजानें हात दिला नसता, तर त्यांचा उत्साह एकाकी पडला असता. आपल्याहि गांवीं असे वृद्ध अध्यापक व शिक्षक आहेत. त्यांस वर्षांतून एकदां शाल व श्रीफळ देऊन आपलें कर्तव्य संपत नाहीं. त्यांच्यापाशीं शिकण्यास मुलें पाठविणें, त्यांस पुस्तकें व बसण्यास जागा देणें, आणि त्यांनीं आरंभिलेलें काम त्यांच्यामागें चालविण्यास माणसें तयार करणें, हाच त्यांचा खरा सत्कार होय.