फोन आणि गाडीचा स्टिरिओ: न जुळणाऱ्या जोडीचा इतिहास

माझं संशोधन तंत्रज्ञानातल्या प्रमाणकांच्या, म्हणजे स्टँडर्ड्सच्या इतिहासावर आहे, असं सांगितलं की समोरच्याचा उत्साह मावळतो. मग एक प्रश्न हमखास येतो: "ते जाऊ दे, आमच्या गाडीला फोन का जोडला जात नाही ते सांग." ऐकणाऱ्याला वाटतं आपण विषय बदलला. खरं तर हाच माझा विषय आहे. फोन आणि स्टिरिओ दोन्ही ठणठणीत असतात, तरी एकमेकांशी बोलत नाहीत. का? तर दोघांना बोलायला शिकवणारे निर्णय वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी घेतलेत.

आधी थोडं मागे जाऊ. गाडीत आवाज आणायची धडपड जुनी आहे. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीनं 'मोटोरोला' या नावानं गाडीचा रेडिओ विकायला काढला. पुढे कंपनीचंच नाव मोटोरोला झालं. नंतर टेप आले, सीडी आली. पण एक गोष्ट हळूहळू स्थिर झाली: डॅशबोर्डमधला खाचा. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. आपल्याकडे ॲक्सेसरीजच्या दुकानात 'सिंगल डिन' म्हणतात तो हाच, आणि दुप्पट उंचीचा तो 'डबल डिन'. डिन म्हणजे जर्मनीची प्रमाणक संस्था. खाचा ठरलेला असल्यामुळे जुना टेप काढून कुठल्याही कंपनीचा नवा बसवता यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ब्लूटूथचा जन्म गाडीत झालेला नाही. स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसेन हे डच अभियंते आणि त्यांचे सहकारी स्वेन मॅटिसन यांच्यापुढे काम होतं ते मोबाइल आणि इतर उपकरणांमधली केबल काढून टाकायचं. अंतर दहाएक मीटर, वीज कमी, चिप स्वस्त. त्यांनी निवडला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. या पट्ट्यात जगात बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही (भारतात लघुशक्तीच्या उपकरणांना ही सूट २००५ मध्ये मिळाली). पण फुकटची जागा म्हटली की गर्दी आलीच. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच, वायफायही तिथेच. म्हणून ब्लूटूथ एका जागी थांबत नाही. ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत संदेश पोचवतं.

इथे कुणीतरी हॉलिवूडची नटी हेडी लमार हिचं नाव काढतंच. तिनं आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये अशा उड्यांचं पेटंट मिळवलं होतं, हे खरं. पण 'हेडी लमारनं ब्लूटूथ शोधलं' हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य इतिहास म्हणून टिकत नाही. कल्पना आणि चालणारी वस्तू यांच्यामध्ये अर्धं शतक आणि अनेकांचे हात असतात.

एरिक्सनला एक गोष्ट कळली होती: एकट्यानं केबल काढता येत नाही. दुसऱ्या टोकाचं उपकरण बनवणाराही सोबत हवा. म्हणून मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून एक गट जाहीर केला. नाव सुचवलं इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी. डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणणारा दहाव्या शतकातला राजा हॅराल्ड ब्लूटूथ. नाव तात्पुरतं होतं, पण तेच चिकटलं. चिन्हातही त्या राजाच्या नावाची आद्याक्षरं आहेत, जुन्या रून लिपीतली.

आता खरी गोम. इतक्या कंपन्यांना एकत्र ठेवायचं तर सगळ्यांवर सगळं लादता येत नाही. म्हणून ब्लूटूथची रचना 'प्रोफाइल'मध्ये झाली. प्रोफाइल म्हणजे एका विशिष्ट कामाची संभाषणपद्धत. हेडसेटसाठी एक, गाडीत हात न लावता कॉल घेण्यासाठी दुसरी, स्टिरिओ संगीतासाठी तिसरी, गाणं पुढे-मागे करायला चौथी, फोनबुक गाडीत उतरवायला आणखी एक. कुठल्या उपकरणानं यातल्या कुठल्या घ्यायच्या हे बनवणाऱ्यानं ठरवायचं. डब्यावर मात्र सगळ्यांच्या एकच निळं चिन्ह!

"कॉल येतो, गाणी वाजत नाहीत" या तक्रारीचं मूळ इथे आहे. हेडसेटची प्रोफाइल १९९९ च्या पहिल्या आवृत्तीतच होती. संगीताची, म्हणजे एटूडीपी, आली २००३ मध्ये. मधल्या काळातल्या गाड्यांना फक्त बोलणं माहीत. फोनही काही पुढे नव्हते. २००७ चा पहिला आयफोन ब्लूटूथवरून स्टिरिओ गाणी पाठवू शकत नव्हता. ॲपलनं ती सोय २००९ मध्ये पुढच्या मॉडेलांना दिली. आजही अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये गाणं पुढे-मागे करणाऱ्या प्रोफाइलची आवृत्ती हातानं निवडता येते. जुन्या स्टिरिओशी जुळत नसेल तर खालची आवृत्ती लावून बघा, असाच त्याचा अर्थ.

गाडीला बोलण्याची घाई का होती? कायद्यामुळे. जपाननं १९९९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यानं २००१ मध्ये, ब्रिटननं २००३ मध्ये गाडी चालवताना फोन हातात धरण्यावर बंदी आणली. आपल्या मोटार वाहन कायद्यात हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीनं आला. बंदी हाताला होती, बोलण्याला नव्हती. म्हणून हँड्सफ्रीची बाजारपेठ उभी राहिली. गंमत अशी की अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या स्ट्रेअर आणि जॉन्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं की हात मोकळे असले तरी बोलण्यात गुंतलेल्या चालकाचं लक्ष ढळतंच. प्रमाणक बनवणाऱ्यांनी केबलचा प्रश्न सोडवला, कायदा करणाऱ्यांनी हाताचा. डोक्याचा प्रश्न कुणाच्याच यादीत नव्हता.

दुसरी नेहमीची तक्रार पिनची. जुना स्टिरिओ ०००० किंवा १२३४ मागतो. गाडीला कीबोर्ड नाही, मग पिन कारखान्यातच ठरवून टाकली आणि पुस्तिकेत छापली. सगळ्यांची कुलपं एकाच किल्लीनं उघडणारी! २००५ मध्ये 'ट्रायफिनाइट' या संशोधकांच्या गटानं 'कार व्हिस्परर' नावाचं साधन दाखवलं. त्यानं अशा ठरावीक पिनचा फायदा घेऊन गाडीतलं बोलणं बाहेरून ऐकता येत असे, गाडीत आपला आवाजही सोडता येत असे. त्याच वर्षी इस्राएलच्या शाकेद आणि वूल यांनी सिद्ध केलं की पेअरिंगचे संदेश कुणी टिपले, तर चार आकडी पिन साध्या संगणकावर एका सेकंदाच्या आत फुटते. २००७ च्या २.१ आवृत्तीत पद्धत बदलली. आता दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि ते सारखे आहेत का, एवढंच आपण बघायचं. ते न बघता 'ओके' दाबणं म्हणजे पुन्हा २००५ मध्ये जाणं.

तिसरी तक्रार: "काल चालत होतं, आज नाही." पेअरिंग करताना दोन्ही उपकरणं एक गुप्त किल्ली तयार करून आपापल्याकडे ठेवतात. फोन रीसेट केला की त्याची किल्ली जाते, गाडीकडची राहते. गाडी म्हणते 'ओळखते', फोन म्हणतो 'तू कोण?' म्हणून उपाय एकाच बाजूनं करून भागत नाही. क्रम असा ठेवा. गाडी उभी करा. फोनमधून गाडीचं नाव काढा आणि गाडीतून फोनचं. गाडीच्या यादीत जुने फोन साचले असतील तर तेही काढा, कारण तिथे मोजकीच जागा असते. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा; पुष्कळदा पार्किंगमध्ये गाडीनं वरच्या मजल्यावरचाच फोन पकडलेला असतो. मग नव्यानं जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावापुढे 'कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' दोन्ही चालू आहेत का बघा. एवढं करूनही गाणी नाहीत, तर स्टिरिओला ती प्रोफाइलच नसेल. मग ऑक्स केबल. तिला पेअरिंग लागत नाही, हा तिचा मोठेपणा.

आता डिनच्या खाचाकडे परत येऊ. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे सुरुवातीला १५ वर्षांची असते. फोन एवढा टिकत नाही. म्हणजे एका गाडीला तिच्या आयुष्यात अनेक फोनांशी संसार करावा लागतो. पूर्वी स्टिरिओ मागे पडला तर काढून नवा बसवायचो. आताच्या पडद्यात एसी, रिव्हर्स कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज सगळं गुंफलेलं असतं. खाचा गेला आणि त्याच्याबरोबर दुरुस्तीचा साधा मार्गही गेला. इंजिन चांगलं, टायर चांगले, पण गाडी 'जुनी' वाटते ती पडद्यामुळे. इतिहासाच्या पुस्तकांत ब्लूटूथची गोष्ट 'केबलपासून मुक्ती' अशी येते. माझा प्रबंध तिचा हा दुसरा अर्धा मांडू पाहतो: केबल गेली, आणि तिच्या जागी सॉफ्टवेअरच्या अपडेटवर, म्हणजे कंपनीच्या मर्जीवर, अवलंबून राहणं आलं.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. फोनबुकची प्रोफाइल तुमचे संपर्क आणि कॉलची यादी गाडीत उतरवते. सेकंडहँड गाडी विकताना आपण सीटखालची नाणीसुद्धा वेचून घेतो, पण या नोंदी तशाच राहतात. भाड्याच्या गाडीचंही तेच. चावी देण्याआधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर तुमच्या घरच्यांचे नंबर पुढच्या मालकाच्या पडद्यावर दिसतील.