खोडदच्या दुर्बिणीची तार

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मंचर मागें टाकून आंबेगांव तालुक्यांतील कळंब गांवावरून नारायणगांवास पोंचतो. तेथून पूर्वेस वळलें म्हणजे जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या शिवारांत आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसूं लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि संख्या ३०. त्यांपैकीं १४ खोडदजवळ एकत्र आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत विखुरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण. तिच्याविषयीं बोलतांना ताऱ्यांचें वर्णन पुष्कळ होतें. तारेचें मात्र कोणी नांव काढीत नाहीं.

दुरून भरीव भासणाऱ्या तबकडीतून जवळ गेल्यावर आरपार आकाश दिसतें. तिचा पृष्ठभाग म्हणजे एक ताणलेली जाळी आहे, आणि त्या जाळीची तार अवघी ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. जाळीचा डोळा रेडिओ लहरींच्या लांबीच्या मानानें लहान असला कीं त्या लहरी आरशावरून परताव्या तशा तिच्यावरून परततात. वारा मात्र तींतून निघून जातो. साऱ्या योजनेचें मर्म येथेंच आहे. भरीव पत्र्याच्या एवढ्या तबकडीनें शिडासारखा वारा धरला असता. तिला आवरावयास अवजड सांगाडा, तो फिरवावयास तितकींच अवजड यंत्रें, आणि या सर्वांस अवाढव्य पैसा लागला असता.

डॉ. गोविंद स्वरूप यांना ही काटकसर नवी नव्हती. १९६३ मध्यें टाटा संस्थेंत आल्यावर त्यांनीं ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या कल्याण येथें मांडून १९६५ मध्यें पहिली दुर्बीण चालू केली. पुढें १९७० मध्यें उटकमंडच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुसरी दुर्बीण तयार झाली. तिचा आरसा म्हणजे स्टेनलेस पोलादाच्या ११०० समांतर तारा! त्या तारांचीच पुढली पिढी म्हणजे खोडदची जाळी.

आतां प्रश्न असा कीं, तारेला स्टेनलेस पोलादच कां? जाड तुळई गंजली तर तिचा बारीकसा पापुद्रा जातो, आणि वेळेवर रंगाचा हात फिरविला तर तेंहि टळतें. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला तसला पापुद्रा परवडत नाहीं, आणि तिला रंग देत बसणेंहि शक्य नसतें. जस्ताचा मुलामा दिलेली तार स्वस्त. परंतु जाळीचा एकेक सांधा विजेच्या डागानें जोडावयाचा म्हटलें कीं नेमका सांध्यावरचाच मुलामा जळतो. तांबें उत्तम वाहक, पण मऊ आणि महाग. स्टेनलेस पोलाद विजेचें वाहक म्हणून तांब्याच्या चाळिसाव्या हिश्श्याच्याच आसपास भरतें. तरीहि वीतभर ते दोन मीटर लांबीच्या लहरी परतविण्यास तेवढें पुरतें. म्हणून सांगाडा साध्या पोलादाच्या नळ्यांचा आणि जाळी तेवढी स्टेनलेसची, अशी वांटणी झाली.

परंतु स्टेनलेस हें एका धातूचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. १९१२ मध्यें जर्मनींत क्रुप कारखान्यांतील माउरर व स्ट्राउस यांनीं क्रोमियम-निकेलची जात सिद्ध केली. १९१३ मध्यें शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याच्या खटपटींत असतां क्रोमियमच्या पोलादापर्यंत पोंचला. दोहोंतहि रक्षण करतो तो क्रोमियमच, पृष्ठभागावर न दिसणारा पातळ थर धरून. घरोघरीं भांडीं पारखतांना लोहचुंबक लावून पाहतात, तो पहिल्या कुळाला सहसा चिकटत नाहीं, दुसऱ्याला चिकटतो. अर्थात् थंड स्थितींत ठोकलेलें वा ओढलेलें पहिलें पोलादहि थोडेंबहुत चिकटूं लागतें, तेव्हां ही परीक्षा निर्णायक मानूं नये.

लेथवरचा कारागीर १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेलच्या ३०४ जातीला वैतागतो, कारण हत्यार चालतें तसतसा तिचा पृष्ठभाग अधिकच कठीण होत जातो. म्हणून कातून करावयाच्या सुट्या भागांसाठीं मुद्दाम गंधक घातलेली ३०३ ही जात निघाली. तिचा कीस तुकड्यातुकड्यांनीं सुटतो, हत्यार टिकतें. मात्र ती ३०४ पेक्षां लवकर गंजते आणि डाग देतांना तिला चिरा पडण्याचा संभव असतो. कारखान्यांत जी लाडकी तिलाच जाळींत घातलें असतें तर एकेका सांध्याची धास्ती बाळगावी लागली असती. उलट, लेथवर नकोसा वाटणारा तो हट्टी स्वभावच तारेच्या कामीं येतो. बारीक भोकाच्या साच्यांतून ओढतांना अशी तार दर खेपेस अधिक बळकट होत जाते.

खोडदची दुर्बीण २००१ मध्यें राष्ट्राला अर्पण झाली, डॉ. स्वरूप २०२० मध्यें निवर्तले. जाळीचे डोळे सर्वत्र सारखे नाहींत. मध्यभागीं ते १० मिलिमीटरांचे, त्याबाहेर १५, आणि कडेला २० मिलिमीटरांचे आहेत, कारण कडेवर लागणारा वारा तबकडीला अधिक जोरानें पिळतो. वादळी वारा सुटला म्हणजे तबकड्यांचीं तोंडें थेट माथ्यावरच्या आकाशाकडे वळवून त्या स्थिर ठेवतात.