आइसलँडमधील पर्यटन

आइसलँडमधील पर्यटन : उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या द्वीपराष्ट्राला सर्वाधिक परकीय चलन मिळवून देणाऱ्या व्यवसायांपैकी एक. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौ. किमी. असून लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. येथे २०१० मध्ये पाच लाखांहून कमी परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये ही संख्या २३ लाखांवर गेली. म्हणजे यजमानांच्या सहापटींहून अधिक पाहुणे.

या वाढीचे श्रेय ज्वालामुखी, हिमनद्या, धबधबे आणि ध्रुवीय प्रकाश यांना दिले जाते. पण हे सारे तर पूर्वीपासूनच होते. खरा फरक पडला तो पैशाच्या मोलाने आणि विमानातल्या जागांनी. ऑक्टोबर २००८ मध्ये देशातील तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या आणि क्रोना या चलनाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. आवाक्याबाहेरचा देश परदेशी प्रवाशांच्या खिशाला परवडू लागला. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीच्या राखेने यूरोपातील विमानवाहतूक काही दिवस ठप्प केली. पर्यटक पाठ फिरवतील, या धास्तीने शासन आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन जगभर प्रचारमोहीम राबवली. राखेच्या त्या बातम्यांनी देशाचे नाव आधीच घरोघरी पोहोचवले होते; मोहिमेने त्याचे सोने केले. २०१३ पर्यंत पर्यटनाने मासेमारीला परकीय चलनाच्या कमाईत मागे टाकले.

विमानवाहतुकीचा वारसा जुना आहे. लॉफ्टलेयदिर ही कंपनी १९६० च्या दशकात अमेरिका आणि यूरोप यांच्या दरम्यान वाटेत आइसलँडला थांबणारा स्वस्त प्रवास विकत असे. तिच्या विलीनीकरणातून १९७३ मध्ये उभी राहिलेली आजची आइसलँडेअर कंपनी जादा भाडे न घेता प्रवाशाला वाटेत काही दिवस मुक्काम करू देते. २०१२ पासून उड्डाणे करणाऱ्या वाव एअर या कंपनीने भाडी आणखी खाली आणली. २८ मार्च २०१९ रोजी ती बंद पडली आणि त्या वर्षी पर्यटकसंख्या वीस लाखांपर्यंत घसरली. तिची जागा घेऊ पाहणारी प्ले ही कंपनीही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. बेटावर येण्याचा मार्ग जवळजवळ केवळ हवाई असल्याने एका कंपनीच्या ताळेबंदाचा हादरा साऱ्या देशाला बसतो. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, संख्या पुन्हा पाच लाखांच्या आत आली. २०२४ मध्ये ती सुमारे साडेबावीस लाखांवर पोहोचली. अमेरिकी पर्यटक सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल ब्रिटिश.

बहुतेक पाहुणे केफ्लाविक विमानतळावर उतरून राजधानी रेक्याविकला मुक्काम करतात. तेथून थिंगवेत्लिर (इ. स. ९३० मध्ये लोकसभा भरलेले ठिकाण; जागतिक वारसा, २००४), गेयसिरची उष्ण कारंजी आणि गुत्लफॉस धबधबा ही एका दिवसाची ठरलेली फेरी होते. गुत्लफॉसवर वीजप्रकल्प होऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतकऱ्याची मुलगी सिग्रीदुर टोमासदोत्तिर झगडली. तिचे स्मारक धबधब्याजवळ आहे. आज त्याच पाण्यावर देश पर्यटकांकडून जे कमावतो, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

भारतीय प्रेक्षकांना हा देश ‘दिलवाले’ (२०१५) या चित्रपटातील ‘गेरुआ’ गाण्यामुळे माहीत झाला. १९७३ मध्ये सोल्हेइमासान्दुरच्या काळ्या वाळूत उतरलेल्या अमेरिकी विमानाचा सांगाडा त्यात दिसतो. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्याही आता आइसलँडच्या सहली काढतात.

वाढीची खरी किंमत जमिनीजवळून पाहावी लागते. लाव्हाच्या खडकावर वितीएवढे जाड, स्पंजासारखे शेवाळ असते. पावलाने ते दबते, दुसऱ्याच्या पावलाने फाटते आणि खालची काळी माती उघडी पडते. पाऊस तीच धुऊन नेतो. शेवाळ पुन्हा धरायला अनेक दशके लागतात. फ्यादरार्ग्ल्यूफुर ही घळ २०१५ मध्ये जस्टिन बीबरच्या गाण्याच्या चित्रफितीत दिसली, गर्दी लोटली आणि २०१९ मध्ये ती काही महिने बंद ठेवावी लागली. देशाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किमी.चा चक्राकार महामार्ग १९७४ मध्ये पूर्ण झाला. त्यावर अजूनही एकाच गाडीपुरते रुंद असे पूल आहेत. भाड्याची मोटार घेऊन प्रथमच बर्फात उतरलेल्या चालकांचे तेथे अपघात होतात. रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर अचानक उसळणाऱ्या लाटांनी अनेकांचे बळी घेतले आहेत. २०२२ पासून तेथे धोक्याची पातळी दाखवणारे दिवे आहेत. सुटकेला धावतात ते पगारी जवान नव्हेत, तर नोकरीधंदा बाजूला ठेवून येणारे स्वयंसेवक. त्यांच्या पथकांचा बराचसा खर्च नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून निघतो. लाखो पाहुण्यांच्या सुरक्षेचा भार अशा उपकारावर टाकणे अन्यायाचे आहे.

रेक्यानेस द्वीपकल्पावर मार्च २०२१ पासून ज्वालामुखी जागे झाले आहेत. पहिला उद्रेक शांत होता आणि लोक लाव्हा पाहायला डोंगर चढून गेले. १० नोव्हेंबर २०२३ रोजी मात्र ग्रिंडाविक हे सुमारे ३,८०० वस्तीचे गाव रातोरात रिकामे करावे लागले. शेजारचा ब्लू लगून हा प्रसिद्ध जलाशय, जो १९७६ मध्ये स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्राच्या सांडपाण्यातून तयार झाला, त्यानंतर वारंवार बंद ठेवावा लागला.

पुढील काळात संख्यावाढीपेक्षा पाहुण्यांची विभागणी महत्त्वाची ठरेल. २०१० च्या सुमारास निम्मे पर्यटक उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत येत. आता हिवाळाही भरू लागला आहे. उत्तरेतील आकुरेयरीला २०२३ पासून लंडनहून थेट विमाने येऊ लागली. मुक्कामावरील कर साथीच्या काळानंतर २०२४ मध्ये पुन्हा लागू झाला. २०२५ पासून क्रूझ जहाजांच्या प्रवाशांवरही शुल्क आहे. क्रोना पुन्हा महाग झाल्याने स्वस्ताईचा मूळ आधार उरलेला नाही. हॉटेले चालतात ती पोलंड आणि इतर देशांतून आलेल्या कामगारांवर, आणि त्यांना राहायला परवडणारी घरे कमी पडतात.

हिमनद्यांचे आटणे ही याहून मोठी अडचण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेयदामेर्कुरयोकुत्ल हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला आणि तेथील उन्हाळी हिमगुहा सहली थांबवण्यात आल्या. सोल्हेइमायोकुत्ल या दुसऱ्या हिमनदीच्या मागे सरकणाऱ्या टोकाचे मोजमाप जवळच्या शाळेतील मुले २०१० पासून दरवर्षी घेतात. टोकापुढे आता तळे साचले आहे, आणि वाटाड्यांना पर्यटकांना बर्फापर्यंत नेण्यासाठी वाट बदलत जावी लागते.