उष्ण कटिबंधातील कुत्र्याची लूत आणि तिच्या कारणांचा शोध

केस झडलेल्या, अंगावर कोंडा व खपल्या धरलेल्या कुत्र्यास 'लूत भरली' असे म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. वर्णन म्हणून हा शब्द समर्पक आहे. निदान म्हणून मात्र तो अपुरा पडतो. कारण या एका नावाखाली निदान तीन निरनिराळे परोपजीवी वावरत असतात. सार्कोप्टीस हा खरजेचा किडा त्वचेच्या अगदी वरच्या, शृंगमय थरात बिळे खणतो. डेमोडेक्स केसाच्या मुळाशी असलेल्या पिशवीत राहतो. लीशमेनिया हा एकपेशीय जीव त्याहूनही खोल, अंतस्त्वचेतील भक्षक पेशींच्या पोटात वाढतो. या तिघांच्या ओळखीचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, अडचण केवळ दुर्बळ भिंगांची नव्हती. सुई कोठे आणि किती खोल टोचावी, हे कळण्यासच फार काळ लागला.

पहिला धडा माणसाच्या खरजेने दिला. इटलीतील लिव्होर्नो येथील बोनोमो याने चेस्तोनी याच्या साहाय्याने खरजेचा किडा पाहिला आणि १६८७ मध्ये रेडी यास लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन केले. वैद्यकाने त्याकडे जवळजवळ दीड शतक दुर्लक्ष केले. १८१२ मध्ये पॅरिस येथे गालेस याने तो किडा पुन्हा दाखविल्याचा दावा केला. परंतु त्याच्या चित्रांतील प्राणी चीजमध्ये पडणाऱ्या किड्यासारखा निघाल्याने सारा विषयच संशयास्पद ठरला. अखेर १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कोर्सिकन विद्यार्थ्याने सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखविला. ही युक्ती त्याच्या बेटावरील सामान्य स्त्रियांना ठाऊकच होती. विद्वान मंडळी पुवाने भरलेल्या फोडात किडा शोधीत होती. तो असे फोडापासून दूर, बिळाच्या बंद टोकाशी.

डेमोडेक्सचा शोध त्या मानाने निर्विघ्न पार पडला. १८४१ मध्ये हेन्ले व १८४२ मध्ये बर्लिनचा सायमन यांनी तो माणसाच्या केशपुटकात पाहिला, १८४३ मध्ये ओवेन याने त्यास डेमोडेक्स हे नाव दिले आणि १८५९ मध्ये लायडिग याने कुत्र्यातील जातीचे वर्णन केले. परीक्षेची पद्धत यातूनच ठरली. त्वचेची चुणी चिमटीत दाबून धारदार पात्याने रक्ताचा ओलावा दिसेपर्यंत खरवडावे आणि तो खरवडा तेलात किंवा पोटॅशच्या द्रावात घालून पाहावा. चिरुटासारखा लांबट डेमोडेक्स आजारी कुत्र्यात बहुधा विपुल सापडतो. वाटोळा सार्कोप्टीस मात्र संख्येने इतका थोडा असतो की, खरवड्यात तो न आढळल्याने कुत्र्यास खरूज नाही असे सिद्ध होत नाही. ही मर्यादा ध्यानात न घेता दिलेले नकारात्मक निदान आजही अनेकदा चुकते.

उष्ण प्रदेशांत या दोघांच्या जोडीस तिसरा आला, आणि त्याने बाह्य लक्षणांवरील उरलासुरला विश्वासही डळमळीत केला. लीशमेनियाग्रस्त कुत्र्याच्या डोळ्यांभोवतीचे केस झडून चष्मा घातल्यासारखा देखावा दिसतो. डेमोडेक्समध्येही तेथेच केस जातात. कानांच्या कडांवर खपल्या व व्रण येतात. खरजेतही त्याच कडा प्रथम धरतात. खाज नसणे, नखे बेसुमार वाढणे, लसीका ग्रंथी सुजणे आणि कुत्रा हळूहळू खंगत जाणे या गोष्टी जाणत्यास सावध करतात. तथापि निर्णय अखेर सूक्ष्मदर्शकाखालीच होतो, कारण पेशीतील हा जीव जेमतेम दोन ते चार मायक्रॉन लांबीचा असून रंजन केल्यावाचून ओळखू येत नाही.

या जीवाचे पहिले दर्शन त्वचेतच झाले होते, हे विशेष होय. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या कनिंगहॅम याने 'दिल्ली फोड' या मानवी व्रणाच्या छेदांत काही विचित्र कण पाहिले, परंतु त्यांचे स्वरूप त्यास नीट उमगले नाही. १८९८ मध्ये ताश्कंद येथे बोरोव्स्की याने ते प्रजीव असल्याचे ओळखले. त्याचा लेख रशियन भाषेत असल्यामुळे बाहेर कोणी वाचला नाही. १९०३ मध्ये लीशमन व मद्रासचा डोनोव्हन यांनी काला आजाराच्या रोग्यांच्या पानथरीत तसलेच जीव दाखविले आणि अभ्यासकांचे लक्ष त्वचेवरून पानथरीकडे वळले.

कुत्र्याचा प्रवेश झाला तो ट्युनिसमध्ये. तेथील पाश्चर संस्थेचा संचालक शार्ल निकोल यास हा आजार मुख्यतः लहान मुलांत आढळत होता. १९०८ मध्ये त्याने कुत्र्यांना हा रोग प्रयोगाने देता येतो हे दाखविले आणि कोंत याच्यासह शहरातील कुत्र्यांत तो निसर्गतःच असल्याचेही सिद्ध केले. घरातले मूल आणि अंगणातला कुत्रा यांच्यात एक दुवा असल्याचे प्रथमच दिसून आले. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील ॲडलर व थिओडोर यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राकाठच्या कुत्र्यांचा अभ्यास करून दाखविले की, वरवर निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही हे जीव असतात आणि वाळूमाशी ते तेथूनच उचलते. माशी पानथरीपर्यंत पोहोचत नाही, ती त्वचेवर बसते, ही साधी गोष्ट ध्यानात येण्यास पाव शतक गेले.

भारतात हे गणित जुळले नाही. डोनोव्हनने मद्रासेतील पुष्कळ कुत्रे तपासले. त्यांत त्यास परोपजीवी सापडला नाही. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी वाळूमाशीच्या दंशाने स्वयंसेवकांस काला आजार होतो हे सिद्ध केल्यावर, येथील रोग माणसापासून माणसाकडे जातो हे मत दृढ झाले. जीवही वेगळ्या जातीचा, म्हणजे डोनोव्हानी होय. ट्युनिसचा तो इन्फॅन्टम. म्हणूनच ट्युनिसचा निष्कर्ष जसाच्या तसा बिहारातील कुत्र्यास लावणे अशास्त्रीय ठरले असते.

ब्राझीलमध्ये मात्र तो लावणे भाग होते. १९३४ मध्ये पेन्ना याने पीतज्वराच्या तपासणीसाठी मृतांच्या देहांतून काढलेले ४७,००० हून अधिक यकृताचे तुकडे पाहिले आणि त्यांतील ४१ तुकड्यांत लीशमेनिया ओळखला. १९३६ मध्ये एवांद्रो शागास याने पहिला जिवंत रोगी दाखविला. १९५३ नंतर सिआरा प्रांतातील सोब्राल परिसरात लिओनीदास व मारिया डीन या दांपत्याने माणूस, कुत्रा व रानकोल्हा यांच्या त्वचेची तुलना केली, तेव्हा माशीला सर्वाधिक परोपजीवी पुरविणारी त्वचा कुत्र्याची व कोल्ह्याची, माणसाची नव्हे, असे आढळले. पुढील जनुकीय संशोधनानुसार हा जीव युरोपीय वसाहतकारांच्या कुत्र्यांबरोबरच तिकडे गेला असावा.

निष्कर्ष बिनतोड होता. त्यावरून काढलेला उपाय तितकासा नव्हता. १४ मार्च १९६३ च्या हुकमान्वये रोगग्रस्त कुत्र्यांचा नाश करणे हे राष्ट्रीय धोरण झाले. हजारो कुत्रे एकेक करून तपासावयाचे तर सुई आणि सूक्ष्मदर्शक अपुरे पडतात, म्हणून रक्तद्रव्यातील प्रतिपिंडांची परीक्षा आली. प्रतिपिंड म्हणजे परोपजीवी नव्हे. ते शरीराने दिलेले उत्तर होय. ट्रिपॅनोसोमा क्रूझी किंवा गोचिडीमार्फत येणारा एर्लिखिया यांमुळेही ही परीक्षा कधी कधी होकार देते, तर नुकताच संसर्ग झालेला कुत्रा तीतून सुटू शकतो. म्हणजे ज्या ओळखीसाठी तीन पिढ्यांनी त्वचेचा एकेक थर उलगडला, ती ओळख प्राणदंडाच्या वेळी पुन्हा अंदाजावर आली. एस्पिरितु सांतु राज्यात केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, होकारार्थी कुत्रे काढून टाकल्याने माणसांतील संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही.

२००८ मध्ये माणसांची औषधे कुत्र्यांस देण्यावर तेथे बंदी आली. २०१६ मध्ये खास कुत्र्यांकरिता मिल्टेफोसीन या औषधास संमती मिळाली आणि मालकांसमोर प्रथमच कायदेशीर पर्याय उभा राहिला. औषधाने व्रण भरतात, केस पुन्हा येतात, लूत गेल्यासारखी दिसते. परोपजीवी मात्र बहुधा पूर्णपणे जात नाही, म्हणून असा कुत्रा दिसावयास निरोगी झाला तरी त्याच्या त्वचेची तपासणी वारंवार करावी लागते.