समुद्री गोगलगायींची उसनी शस्त्रे

पावसाळ्यात अरबी समुद्रावरील वारे किनाऱ्याकडे वाहू लागले की मुंबईच्या जुहू आणि गिरगाव चौपाट्यांवर ‘ब्लू बॉटल’ हे निळे दंशकारी जीव येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये या दोन्ही ठिकाणी अनेकांना त्यांचा दंश झाला होता. माणसाला तीव्र वेदना देणारे असे जीव काही समुद्री गोगलगायींचे मात्र नित्याचे अन्न आहे. या गोगलगायी भक्ष्य पचवतात. पण त्याची दंशसाधने शाबूत ठेवून आपल्या शरीरात साठवतात आणि स्वसंरक्षणासाठी वापरतात.

शस्त्राची रचना

जेलीफिश, समुद्रफूल, हायड्रा आणि ब्लू बॉटल हे एकाच मोठ्या प्राणिसंघातील जीव आहेत. त्यांच्या दंशपेशींमध्ये सूक्ष्म कुपी असते व तिच्यात पोकळ तंतू गुंडाळलेला असतो. हायड्राच्या कुपीतील दाब सुमारे १५० वातावरणांइतका असतो. स्पर्श होताच तंतू उसळून बाहेर पडतो आणि विष टोचले जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार हायड्रामधील या क्रियेचा सर्वांत वेगवान टप्पा अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत पूर्ण होतो. कुपी पेशीतून सुटी झाली तरी कार्यक्षम राहू शकते. उसनवारी शक्य होते ती यामुळेच.

भक्ष्याकडून भक्षकाकडे

ही क्षमता प्रामुख्याने ‘इओलिड’ गटातील न्यूडिब्रँकमध्ये, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींमध्ये आढळते. त्यांच्या पाठीवर बोटांसारखे उंचवटे असतात आणि पचनग्रंथीच्या शाखा त्यांत शिरलेल्या असतात. गिळलेल्या कुप्या या मार्गाने उंचवट्यांच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांत पोहोचतात. तेथील विशिष्ट पेशी त्यांना सामावून घेतात. माशाने चावा घेतल्यास स्नायू आकसतात, कुप्या टोकावरील छिद्रातून बाहेर फेकल्या जातात आणि फुटतात. रिकाम्या झालेल्या पिशव्या नव्या भक्ष्यातून पुन्हा भरल्या जातात.

या कुप्या मूळच्या गोगलगायीच्या नसून भक्ष्याच्या आहेत, हे १९०३ मध्ये जी. एच. ग्रोव्हनर यांनी सविस्तर मांडले. खाताना त्या फुटू नयेत यासाठी शरीरावरील श्लेष्मा आणि त्वचापेशींतील कायटिन उपयोगी पडतात. अपक्व कुप्या साठवल्यानंतर त्यांच्यातील आम्लता वाढून त्या पक्व होतात, असे २०१२ मधील एका अभ्यासात दिसून आले. पिशव्यांचा मूळ हेतू संरक्षणाचा होता, की घातक कुप्यांची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

‘नील ड्रॅगन’

‘ग्लॉकस ॲटलांटिकस’ ऊर्फ नील ड्रॅगन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सुमारे ३ सेंटीमीटर लांबीचा हा जीव पोटातील हवेच्या बुडबुड्याच्या आधारे पाण्याच्या पृष्ठभागावर उलटा तरंगतो आणि ब्लू बॉटलवर उपजीविका करतो. ऑस्ट्रेलियात पोहणाऱ्यांना त्याच्यापासून झालेल्या दंशांचा संबंध ब्लू बॉटलच्या कुप्यांशी असल्याचे टी. ई. थॉम्पसन आणि इझोबेल बेनेट यांनी १९६९ मध्ये नोंदवले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळानंतर हे जीव चेन्नईच्या बेझंट नगर किनाऱ्यावर आढळले होते.

गोड्या पाण्यातील नमुना

वाराणसीत नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या भोसले घाटासमोरील गंगेत समुद्री गोगलगायी सापडणार नाहीत. न्यूडिब्रँकचे वास्तव्य खाऱ्या व मचूळ पाण्यापुरते मर्यादित आहे. उसन्या शस्त्रांचा प्रकार मात्र गोड्या पाण्यातही घडतो. ‘मायक्रोस्टोमम’ हा चपटा कृमी हायड्रा खाऊन त्याच्या कुप्या स्वतःच्या त्वचेत बसवतो. कुप्यांचा धनी असलेला हायड्रा भारतातील तळ्यांतही आढळतो; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

किनाऱ्यावरील दक्षता

मुंबईत हाजी अली, कार्टर रोड आणि मरिन ड्राइव्हच्या खडकाळ पट्ट्यांत ओहोटीच्या वेळी समुद्री गोगलगायी पाहायला मिळतात. त्यांचे आकर्षक रंग अनेकदा शत्रूला दिलेला इशारा असतात. प्रत्येक जाती दंश करतेच असे नाही. पण कोणत्या जातीने काय खाल्ले आहे, हे पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे त्यांना हात न लावता दुरून पाहणेच योग्य. मृत ब्लू बॉटलच्या तंतूंतील कुप्याही कार्यक्षम असू शकतात.

ब्लू बॉटलचा दंश झाल्यास जागा चोळू नये. ऑस्ट्रेलियातील प्रथमोपचार पद्धतीनुसार चिकटलेले तंतू काढून समुद्राच्या पाण्याने जागा धुवावी, नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती सुमारे २० मिनिटे ठेवावी. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.