पेनिसिलीन : टंचाईपासून उधळपट्टीपर्यंत

१९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाच्या रक्तात जंतूंचा विषार भिनला होता. पेनिसिलीन टोचताच तो सुधारू लागला. परंतु औषध इतके थोडे होते की, त्याच्या लघवीतून ते गाळून पुन्हा त्यालाच द्यावे लागले. अखेर साठा संपला व तो दगावला. आज आमच्या इंदिरानगरात औषधाच्या दुकानांतून प्रतिजैविकांच्या गोळ्या रचलेल्या दिसतात, तेव्हा ही टंचाई कोणास आठवत नाही. म्हणूनच हा इतिहास उजळण्याची गरज आम्हांस वाटते.

आपल्या देशातील टंचाई हटविण्यात महाराष्ट्राच्या भूमीचा वाटा मोठा आहे. १९५४ साली पिंपरीस ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य दिले आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हे औषध कोणा एकाच्या मालकीचे नव्हे, ते सर्व जनतेचे धन आहे, हाच त्या उद्योगाचा अर्थ होय.

परंतु धन आले की उधळपट्टीही येते. १९२८ साली पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की, अपुरी मात्रा घेतल्यास जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतील. कारण सोपे आहे : दुबळे जंतू आधी मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढे त्यांचीच वीण वाढते. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनने हे लवकरच दाखवून दिले. १९४८ च्या ब्रिटिश प्रयोगात ते एकटेच दिले असता रोगी आधी सुधारले; पण पुढे अनेकांच्या शरीरातील जंतू त्याला जुमानेनासे झाले. तेव्हापासून क्षयावर अनेक औषधे एकत्र देण्याची रीत पडली.

ही रीत मोडल्याचे फळ आपल्याच राज्यात दिसले. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी मुंबईच्या डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास नोंदविले. त्यांतील तिघांना पूर्वी निरनिराळ्या डॉक्टरांकडून, देखरेखीवाचून, औषधे मिळाली होती, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत.

१ मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ मधील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवून ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. परंतु घरातील फडताळावर सरकारी नोंदवही कशी पोहोचणार? सर्दी-पडशाचा विषाणू या औषधाने मरत नाही, हे ध्यानी धरावे. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ते घेऊ नये. सांगितल्यास मात्रा व दिवस आपल्या मनाने कमी करू नयेत. उरलेली गोळी शेजाऱ्यास देऊ नये. येथे उधळपट्टी एकाची असते आणि किंमत दुसऱ्याच कोणाच्या तान्ह्या बाळाला वा बाळंतिणीला मोजावी लागते.